डाळ थांबत नाही: लखनौची एकट्याने करायची मेजवानी

लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यालगत, उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वसवलेली वृंदावन योजना आहे. पत्ता सांगताना मात्र लोक ‘पीजीआयजवळ’ असेच सांगतात. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असल्याने रुग्णांच्या नातेवाइकांची इथे कायम ये-जा असते. सेक्टर 15 मधल्या मोकळ्या मैदानावर फेब्रुवारी 2020 मध्ये डिफेन्स एक्स्पो भरले, 2023 च्या फेब्रुवारीत गुंतवणूकदारांची जागतिक परिषद झाली. म्हणजे इथे उतरणारा पाहुणा बहुधा कामासाठी आलेला, आणि पुष्कळदा एकटा.

परगावी अशी एक संध्याकाळ मोकळी मिळाली, की एखाद्या उंची फ्रेंच रेस्टॉरंटात निवांत, एकट्याने जेवावे अशी हौस अनेकांना असते. ती हौस लखनौत वेगळ्या वाटेने भागते. त्यासाठी आधी गोमतीकाठी ला मार्टिनियर शाळेची इमारत पाहावी.

ती बांधायला घेणारा क्लॉड मार्टिन हा फ्रान्समधल्या लियॉं शहरात 1735 मध्ये जन्मलेला माणूस. फ्रेंच कंपनीचा शिपाई म्हणून तो हिंदुस्थानात आला, पुढे इंग्रजांकडे गेला आणि 1776 पासून लखनौत राहिला. नवाब आसफउद्दौलाच्या शस्त्रागाराची देखरेख त्याच्याकडे होती. घरे बांधणे, नीळ पिकवणे, गरम हवेचे फुगे उडवणे, असे त्याचे नाना उद्योग. ‘कॉन्स्टँशिया’ हा त्याचा प्रासाद, म्हणजे हीच इमारत, पुरा होण्याआधीच 13 सप्टेंबर 1800 रोजी तो वारला. त्याच वास्तूच्या तळघरात त्याची कबर आहे आणि वर 1845 पासून शाळा भरते. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून लखनौ, कोलकाता आणि लियॉं अशा तीन शहरांत शाळा निघाल्या.

लियॉं ही फ्रान्सच्या खाद्यसंस्कृतीची राजधानी मानली जाते. तिथून आलेला माणूस ज्या शहरात रमला, त्या शहराचा भटारखानाही लियॉंच्या तोडीचा होता. नवाबी लखनौत स्वयंपाक्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. मोठमोठ्या देगा उतरवणारा तो बावर्ची. मोजक्या पानांसाठी नजाकतीचे पदार्थ करणारा तो रकाबदार. रोट्या-कुलचे भाजणारा नानबाई वेगळा. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवरच्या लेखनात आसफउद्दौलाच्या एका स्वयंपाक्याची आख्यायिका नोंदवली आहे. हा गृहस्थ फक्त उडदाची डाळ करायचा आणि पगार मागितला महिना पाचशे रुपये. वर अट अशी, की डाळ तयार झाल्याची वर्दी मिळताच नवाबाने जेवायला बसायचे. एकदा नवाब गप्पांत रंगला, दोन-तीनदा वर्दी देऊनही उठला नाही. स्वयंपाक्याने डाळीचे भांडे उचलले, एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी रिकामे केले आणि नोकरी सोडून निघून गेला. त्या झाडाला म्हणे पालवी फुटली.

पालवीचे जाऊ द्या, पण अट शंभर टक्के रास्त होती. फ्रेंच स्वयंपाकघरात अंड्याच्या फेसाने फुगणाऱ्या सूफ्लेचा हाच कायदा आहे: पाहुण्याने सूफ्लेची वाट पाहायची, सूफ्ले पाहुण्याची वाट पाहत नाही. भट्टीतून निघाला की काही मिनिटांत तो बसतो. आणि ही अट खऱ्या अर्थाने पाळू शकतो तो एकटा जेवणारा. त्याला कुणाशी बोलायचे नसते, कुणासाठी थांबायचे नसते.

चौक या जुन्या लखनौच्या भागात अकबरी दरवाजाजवळ रहीमच्या दुकानात मी निहारी-कुलचा असा एकट्याने खाल्ला. तंदूरमधून निघालेला कुलचा थेट पानात येतो. वरचा पापुद्रा बोटाने दाबला की तडकतो, आतून वाफ निघते, खालचा थर मऊ आणि लोण्यासारखा ओला. निहारीचा रस दाट, नळीतल्या मज्जेने चिकट झालेला. बोटांना बोटे चिकटतात. कुलचा गरम आहे तोवरच ही मजा. गार झाला की चिवट होतो. शेजारच्या बाकावर चौघे जण बोलत बसले होते आणि त्यांचे कुलचे ताटातच निवत होते. मला राहवत नव्हते.

गरमागरम खाण्याचा हा आग्रह दम देण्याच्या रीतीतही दिसतो. देगेच्या झाकणाला कणकेची वळी लावून वाफ आत कोंडायची. 1784 च्या दुष्काळात बडा इमामबाडा बांधणाऱ्या मजुरांच्या देगांतून ती रुळली, असे सांगतात. लियॉंजवळच्या पॉल बोक्यूज या नामांकित शेफने 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्यासाठी एक सूप केले. काळ्या ट्रफलच्या त्या सुपाच्या वाडग्यावर पापुद्र्याच्या पिठाचे झाकण असते आणि ते चमच्याने फोडायचे असते. सुगंध जेवणाऱ्यासमोरच मोकळा व्हावा, हा हट्ट दोन्हीकडे एकच.

31 ऑक्टोबर 2025 रोजी युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले. माझ्या मते हा मान उशिरानेच मिळाला.

वृंदावन योजनेत मुक्काम असेल तर चौकासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. अंतर बरेच आहे आणि रस्त्यांवर गर्दी असते. ला मार्टिनियर ही चालती शाळा आहे, तेव्हा आत जायची परवानगी आधी विचारून घ्या. हिवाळ्यात गेलात तर सकाळीच चौकातला गोल दरवाजा गाठा. दुधाच्या फेसाची केशरी मक्खन मलई तिथे फक्त थंडीतच मिळते आणि ऊन चढले की बसते. सोबत कुणी असेल तर गप्पा ती खाऊन झाल्यावर मारा.