वजन घटविणे : आहार, व्यायाम आणि सोबत

वाढलेले वजन ही सर्वांना दिसणारी, परंतु ज्याची त्याने क्वचितच मोकळेपणाने बोलून दाखविलेली अशी अडचण होय. ताप आला तर शेजारी चौकशीला येतात, पाय मोडला तर आप्तेष्ट धावून येतात. पण वजन वाढले तर लोक एक तर थट्टा करतात किंवा उपदेश. ज्याचे वजन वाढले आहे त्यालाही ही आपल्या दुबळ्या मनाची साक्ष वाटते आणि तिचा निकाल आपण एकट्याने, कोणाला न कळू देता लावावा असे तो ठरवितो. सोमवारी मोठ्या निश्चयाने उपवास सुरू होतो. गुरुवारी तो तितक्याच निमूटपणे संपतो. वजन का वाढते आणि ते निर्धोकपणे कसे उतरविता येते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे. त्याबरोबरच हे काम एकट्याने करणे इतके जड का जाते, याचाही विचार करावयाचा आहे.

एका गृहिणीचा अनुभव

१९६१ साली न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडिच या गृहिणीचे वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलोग्रॅम होते. एके दिवशी बाजारात एका ओळखीच्या बाईंनी त्यांना बाळंतपण केव्हा आहे असे विचारले. त्या गरोदर नव्हत्या. मनाला लागलेल्या या प्रश्नामुळे त्या शहराच्या आरोग्य खात्याने चालविलेल्या स्थूलता-चिकित्सालयात गेल्या. तेथे त्यांना एक साधा आहार नेमून देण्यात आला : मासे, चरबी काढलेले मांस, साय काढलेले दूध, फळे, भाज्या आणि मोजका पाव. दहा आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ९ किलोग्रॅमने उतरले. परंतु पुढे उत्साह ओसरू लागला. आवडीची चॉकलेटची बिस्किटे त्या न्हाणीघरातील मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून ठेवीत आणि चोरून खात. चिकित्सालयात हे सांगण्याचा त्यांना धीर होत नसे.

अखेर त्यांनी आपल्यासारख्याच सहा स्थूल मैत्रिणींना घरी बोलाविले आणि ही बिस्किटांची गोष्ट त्यांना सांगून टाकली. मग प्रत्येकीने आपापली चोरी कबूल केली. त्या दर आठवड्यास जमू लागल्या आणि त्यांची संख्या वाढत गेली. १९६२ च्या ऑक्टोबर महिन्यात नायडिच यांचे वजन १४२ पौंड, म्हणजे सुमारे ६४ किलोग्रॅम झाले. १९६३ साली त्यांनी 'वेट वॉचर्स' ही संस्था स्थापन केली. तिचा पुढे मोठा व्यापार झाला आणि १९७८ साली ती हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने विकत घेतली. हा व्यापाराचा भाग आपण बाजूला ठेवू. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की मैत्रिणी जमल्यानंतर आहाराचा तक्ता बदलला नव्हता. तो चिकित्सालयात दिलेलाच होता. नवीन होते ते एवढेच, की ज्यांच्यापुढे खरे बोलता येईल अशी माणसे आता भोवती होती.

शरीराचा जमाखर्च

अन्नापासून शरीराला जी ऊर्जा मिळते ती उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९. श्वसन, रक्ताभिसरण, पचन, हालचाल यांसाठी खर्च होऊन जी ऊर्जा उरते, ती मुख्यतः मेदाच्या रूपाने साठविली जाते. एक किलोग्रॅम मेदात ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक असतात. म्हणून रोजच्या आहारात ५०० उष्मांकांची तूट आणल्यास आरंभी आठवड्याला सुमारे अर्धा किलोग्रॅम वजन उतरते. पुढे हा वेग मंदावतो. कारण हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. काही महिन्यांनी वजनाचा काटा एकाच जागी थांबला, तर त्यात हातून काही अपराध घडला आहे असे समजू नये.

ही शिल्लक मेजवान्यांपेक्षा रोजच्या किरकोळ गोष्टींतून अधिक साठते. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा घेणारा मनुष्य केवळ साखरेतूनच सुमारे १६० उष्मांक मिळवितो. एक चहाचा चमचा तूप किंवा तेल म्हणजे ४५ उष्मांक. परोठ्यावर, भातावर, फोडणीत आणि तळणीत मिळून असे किती चमचे पोटात जातात याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. तो आठवडाभर वहीत लिहून पाहावा. पुष्कळांना त्याचा अचंबा वाटेल.

तूट आणावयाचीच तर ती मोठी का आणू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिळाले. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु त्याबरोबर ते चिडचिडे व उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांतील अनेकांची भूक दीर्घकाळ अनावर राहिली. हे तरुण एकत्र राहत होते, त्यांना सोबतीची वाण नव्हती. तरीही उपासमारीपुढे सोबतीचे काही चालले नाही. अतिरेकी उपवास मोडतो तो मनोबल कमी पडते म्हणून नव्हे, तर शरीर स्वतःच्या रक्षणासाठी त्याविरुद्ध उभे राहते म्हणून.

भारतीय शरीराचा एक विशेष

उंचीच्या मानाने वजन किती असावे हे ठरविण्यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. येणाऱ्या संख्येस शरीरभारांक म्हणतात. जगात सर्वसाधारणपणे २५ च्या पुढील शरीरभारांक अतिवजनाचा मानतात. परंतु आशियाई लोकांच्या बाबतीत २३ पासूनच सावध व्हावे असे तज्ज्ञ सुचवितात. याचे कारण २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्राने मोठ्या गमतीने दाखवून दिले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन हे त्यात शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही शरीरभारांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते.

अंगाने बेताच्या दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही मेद दडलेला असू शकतो, आणि पोटावरील मेदाचा मधुमेह व हृदयविकार यांच्याशी निकटचा संबंध आहे. म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही वापरावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही धोक्याची खूण समजतात. हा प्रश्न मूठभर श्रीमंतांचा राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के व पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के यांचा शरीरभारांक २५ किंवा त्याहून अधिक आढळला.

ताटातील फेरबदल

वजन उतरविण्यासाठी परदेशी पदार्थांची किंवा महागड्या चूर्णांची गरज नाही. ज्या प्रांतात जे शिजते त्याचेच प्रमाण बदलावे. आपल्या बहुतेक ताटांत भाताचा किंवा पोळीचा भाग मोठा, वरण पातळ आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असते. हा क्रम फिरवावा. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर व फळे यांनी भरावे. पाव ताट भात, पोळी, भाकरी किंवा इडली यांना द्यावे. उरलेले पाव ताट डाळ, राजमा, छोले, दही, अंडी किंवा मासे यांचे असावे. भाज्यांतील चोथ्याने पोट भरल्याची जाणीव होते आणि प्रथिनांमुळे भूक लवकर लागत नाही. पंजाबातील परोठा असो वा बंगालमधील लुची, तमिळनाडूतील डोसा असो वा गुजरातेतील फरसाण, कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य करण्याचे कारण नाही. तो रोजचा न राहता प्रसंगाचा व्हावा, इतकेच.

उपवासाविषयीही एक शब्द सांगणे अवश्य आहे. महाराष्ट्रातील साबुदाण्याची खिचडी आणि उत्तरेतील कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या यांचा फराळ पुष्कळदा नेहमीच्या जेवणाहून जड असतो. असा उपवास धर्मकृत्य म्हणून अवश्य करावा. वजन घटविण्याचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

व्यायामाचे खरे काम

अर्धा तास भरभर चालल्याने मध्यम वजनाच्या मनुष्याचे सुमारे १२० ते १५० उष्मांक खर्च होतात. परतताना कोपऱ्यावरील दुकानात एक मोठा समोसा खाल्ला तर हा सर्व खर्च भरून निघतो आणि वर शिल्लक राहते. म्हणून नुसत्या व्यायामाने फारसे वजन उतरत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. त्यामुळे पुढील निराशा टळते. परंतु व्यायामाने स्नायू टिकून राहतात, रक्तातील साखर व रक्तदाब ताब्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याच्या कामी तो फार मोलाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम सुचविले आहेत.

वजनाचा काटा फारसा हलला नाही तरी लाभ होतोच, याचाही पुरावा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांची सुमारे तीन वर्षे पाहणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. आहार व चालणे यांकडे ज्यांनी नेटाने लक्ष दिले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. यांचे वजन मात्र लक्षणीय उतरले नव्हते.

सोबतीचे बळ

आता आरंभीच्या गोष्टीकडे पुन्हा वळू. मैत्रिणींच्या सोबतीने नायडिच यांना जे साधले ते केवळ एका व्यक्तीचे नशीब नव्हते. १९९९ साली अमेरिकेतील संशोधिका रीना विंग व त्यांचे सहकारी रॉबर्ट जेफ्री यांनी १६६ व्यक्तींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काही जण एकटे आले होते, तर काही जण तीन मित्रांना किंवा आप्तांना बरोबर घेऊन. एकटे आलेल्या व नेहमीचे मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी २४ टक्के लोकांनी उतरलेले वजन नंतरचे सहा महिने पूर्णपणे टिकविले. मित्रांसह आलेल्या व परस्परांना साहाय्य कसे करावे हेही शिकविलेल्या गटात हे प्रमाण ६६ टक्के निघाले. मित्र घेऊन येणारे लोक मुळातच काहीसे वेगळे असतील, ही शक्यता मान्य करूनही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपल्या देशात तर या गोष्टीला अधिकच महत्त्व आहे, कारण आपल्याकडे जेवण ही एकट्याची बाब क्वचितच असते. पाहुण्याला आग्रह करणे हे अगत्याचे लक्षण आणि नको म्हणणे हा यजमानाचा अवमान, अशी आपली समजूत. घरात एकच चूल असते आणि त्या चुलीवर एकासाठी वेगळे शिजविणे बहुधा शक्य नसते. जिच्या हाती स्वयंपाक असतो त्या गृहिणीची स्थिती सर्वांत बिकट. ती सर्वांच्या मागून जेवते, अन्न वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातील उरलेसुरले संपविते आणि फिरायला जाण्यासाठी तिला घटकाभर वेळही काढून मिळत नाही. तिला 'कमी खा' एवढेच सांगणे हा सल्ला नव्हे, अन्याय आहे. घरच्यांनी सर्वांबरोबर तिचे पान मांडावे, साऱ्या कुटुंबाची फोडणी बेताची करावी आणि सकाळचा अर्धा तास तिच्यासाठी मोकळा सोडावा. अशा साहाय्यात कोणाचाही तोटा नाही, कारण बेताचे तेल व भरपूर भाजी घरातील प्रत्येकाच्याच हिताची असते.

घराबाहेरील सोबतही जवळच असते. दिल्लीची लोदी बाग, बंगळूरचे कब्बन उद्यान, कोलकात्याचे मैदान, चेन्नईचा मरीना किनारा, कोठेही पहाटे गेल्यास बोलत बोलत चालणारी टोळकी दिसतात. ठरलेल्या वेळी कोणी आपली वाट पाहत आहे, या जाणिवेने अंथरूण सोडणे सोपे जाते. एकटीने बाहेर पडण्यास बिचकणाऱ्या स्त्रियांना अशा संगतीत निर्भयपणे चालता येते. तीन-चार जणांनी आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करावे, वहीत नोंदवावे आणि त्या आठवड्यात काय चुकले ते एकमेकांना सांगावे. पथ्य दोनच : चुकलेल्याची थट्टा करावयाची नाही आणि कोणाचे वजन कोणापेक्षा अधिक उतरले याची शर्यत लावावयाची नाही.

काही सावधगिरीच्या सूचना

फार वाढलेले वजन असलेल्यांनी, तसेच मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांनी प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. गर्भवती स्त्रियांनी व वाढत्या वयाच्या मुलांनी आपल्या मनाने आहार तोडू नये. काहींचे वजन थायरॉइड ग्रंथीच्या विकारामुळे किंवा औषधांमुळे वाढते. त्यांना दोष देण्यापूर्वी तपासणी व्हावी. अलीकडे भूक कमी करणारी प्रभावी इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत. काही रुग्णांना ती खरोखर उपकारक ठरतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही. परंतु त्यांतील सेमाग्लुटाइड हे औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. तेव्हा ताट, चालणे आणि सोबत यांची गरज औषध घेणाऱ्यालाही उरतेच.

वजन पुष्कळ उतरवावयाचे असेल तर काम महिन्यांचे नव्हे, वर्षांचे आहे. त्या काळात सण येतील, लग्ने येतील, आजारपण येईल आणि चढलेला काटा पाहून सारे सोडून द्यावेसे वाटेल. अशा दिवशी नव्या निश्चयाचा फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी दारावर थाप मारून 'चला, उशीर होतो आहे' असे म्हणण्याचाच उपयोग होतो. म्हणून ज्याला वजन उतरवावयाचे आहे त्याने आहाराचा तक्ता शोधण्यापूर्वी असा एक मित्र शोधावा. आणि ज्याला त्याची गरज नाही त्याने आपल्या शेजाऱ्याचा तो मित्र व्हावे.