घनपाठ स्मरणात कसा टिकतो?

उज्जैनला महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान आहे. १९८७ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९९३ साली इथे आली. देशभरातल्या वेदपाठशाळांना ती आधार देते. स्मरणशक्ती कशी घडते हे जाणून घ्यायचे, तर या पाठशाळांची शिकवण्याची रीत बारकाईने पाहावी.

सुरुवात संथेने होते. गुरुजी एक चरण म्हणतात, विद्यार्थी तो दोनदा म्हणतात. शुक्ल यजुर्वेदाचे विद्यार्थी स्वरांप्रमाणे हातही हलवतात. पाठ असा कानात, जिभेवर आणि हातात एकदमच बसू लागतो.

संहिता (सलग मंत्र) आणि पदपाठ (मंत्रातली पदे सुटी करून म्हणणे) पक्के झाले की पुढची गुंफण सुरू होते. पदांना क्रमांक देऊन पाहू. क्रमपाठात १-२, २-३, ३-४ असे जायचे. जटापाठात १-२, २-१, १-२. घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. मग एक पद पुढे सरकून पुन्हा तसेच. या हिशेबाने मधले प्रत्येक पद तेरा वेळा उच्चारले जाते आणि त्याचे शेजारी बदलत राहतात. उलट क्रमात ओघाचा आणि अर्थाचा आधार सुटतो, म्हणून लक्ष ढळू देता येत नाही. एखादे पद गळले तर पुढची जोडीच जुळत नाही. चूक तिथल्या तिथे सापडते.

मानसशास्त्राचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. अंतराने केलेली उजळणी जास्त टिकते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवले. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवणाऱ्यांना आठवड्यानंतर तो अधिक आठवला.

जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २१ वैदिक पंडितांच्या मेंदूची छायाचित्रे इतरांशी ताडून पाहिली. हा अभ्यास २०१६ साली ‘न्यूरोइमेज’मध्ये छापून आला. भाषा आणि स्मृतीशी निगडित काही भागांत, उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही, पंडितांचे करडे द्रव्य जास्त आढळले. हा फरक पठणानेच झाला, असे मात्र एका वेळच्या तुलनेवरून ठरत नाही.

आपल्या मुलांना कविता पाठ करायची असेल तर ही रीत घरीही वापरता येईल. पुस्तक मिटून आठवू द्यावे, चुकले तिथे लगेच दुरुस्त करावे, मधल्याच ओळीपासून म्हणायला लावावे आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. पाठांतर हा काही मोजक्यांचा जन्मजात गुण असतो, असे समजून कोणत्याही मुलाला मागे ठेवू नये.