संसार मोडला तर मालमत्तेचा हिशेब कसा?
कौटुंबिक न्यायालयात जाण्यापूर्वी व्यापारी व कारागिरांनी समजून घ्यावे असे काही

भागीदारी मोडली की व्यापारी वही उघडतो, शिल्लक माल मोजतो, देणे-घेणे काढतो आणि शेवटी फारखत लिहून घेतो. संसार मोडायची वेळ आली की मात्र तोच व्यापारी म्हणतो, "घरात कसला हिशेब?" पुढची बरीच भांडणे इथेच जन्म घेतात. बाजारात आम्ही दोन प्रकारचे बोलणे ऐकतो. कोणी म्हणतो, कोर्टात गेले की बायकोला निम्मे दुकान द्यावे लागते. कोणी म्हणतो, मेहरची रक्कम दिली की तिचा हक्क संपला. दोन्ही समज चुकीचे आहेत.

निम्मे-निम्मे नव्हे, ज्याचे त्याला

निकाह झाला म्हणून मुस्लिम कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही. त्याचे ते त्याचे, तिचे ते तिचे. म्हणून कोर्ट सगळी मिळकत गोळा करून मधोमध कापत नाही. कोणती चीज कोणाची, हे पुरावा पाहून ठरवते.

तलाकनंतर स्त्रीला काय मिळाले पाहिजे, हे १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिले आहे. राहिलेली मेहरची रक्कम, लग्नाआधी, लग्नात व लग्नानंतर नातेवाईक, मित्र किंवा नवऱ्याकडून तिला मिळालेल्या सर्व वस्तू, आणि योग्य व न्याय्य तरतूद. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात असा निकाल दिला की, लग्नाच्या वेळी वडिलांनी जावयाच्या हाती दिलेली रक्कम व सोनेही मुलीला या कलमाखाली परत मागता येते.

'तरतूद' म्हणजे इद्दतीचे तीन महिने जेवणखाण नव्हे. २००१ च्या दानियल लतीफी निकालाप्रमाणे ही तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची, पण ती स्त्रीच्या पुढील आयुष्याचा विचार करून. रक्कम ठरवताना तिची गरज, राहणीमान आणि नवऱ्याची ऐपत पाहिली जाते. म्हणजे दुकानाची वाटणी होत नसली तरी दुकानाचे उत्पन्न विचारात घेतलेच जाते.

एक उदाहरण

समजा, दुकान नवऱ्याच्या नावावर आहे. माल १२ लाखांचा, व्यापाऱ्यांचे देणे ५ लाखांचे. राहते घर दोघांच्या नावावर. बायकोचे माहेरचे ८ तोळे सोने मंदीच्या काळात मोडून माल भरला होता.

यात दुकान नवऱ्याचे आणि देणेही त्याचेच. घरात कोणी किती पैसे घातले ते पाहिले जाईल. पुरावाच नसेल तर दोघांचा हिस्सा सारखा धरला जातो. घरावर कर्ज असेल तर नवरा-बायकोच्या तडजोडीने बँक बांधली जात नाही. बँकेकडून नाव कमी करून घेतल्याशिवाय हप्त्याची जबाबदारी सुटत नाही.

राहिले ८ तोळे सोने. ती बायकोची अमानत. ती रक्कम मागण्याचा तिला हक्क आहे. पण वहीत नुसते 'घरून जमा' एवढेच लिहिले असेल, तर ते सोने तिचे होते हे कशावरून सिद्ध करायचे? सराफाची पावती आणि वहीत तिच्या नावाचे खाते असेल तर वाद उरत नाही.

नवऱ्याने पैसे भरून घर बायकोच्या नावावर घेतले असेल, तर ती म्हणते हिबा, तो म्हणतो नुसते नाव लावले. हिब्याला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याची कबुली आणि ताबा या तीन गोष्टी लागतात. हनफी मताप्रमाणे नवरा-बायकोतला पूर्ण झालेला हिबा परत घेता येत नाही. म्हणून जे मनात असेल ते त्याच दिवशी कागदावर यावे.

कांड्या भरणारीचे काय?

यंत्रमागाच्या गावात नवरा माग चालवतो आणि बायको घरी कांड्या भरते. शिलाई, जरीकाम, बिडीकामातही तेच. वीस वर्षांच्या या कष्टाची नोंद कुठेच नसते आणि माग विकत घेतल्याची पावती नवऱ्याच्या नावाची असते. मालमत्तेच्या वादात अशा स्त्रीचे हात रिकामे राहतात. याला आम्ही इन्साफ म्हणत नाही. बाहेरच्या कारागिराला मजुरी देतो, तर घरच्या कारागिराचीही मजुरी तिच्या खात्यात जमा करावी, नाहीतर भागीदारीपत्रात तिचा हिस्सा लिहावा. केवळ कर वाचवण्यासाठी तिचे नाव भागीदार म्हणून घालणारांनीही ध्यानात ठेवावे की, कागदावरचा भागीदार आपला हिस्सा मागू शकतो.

कोर्टाची वाट

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. कोणत्याही धर्माच्या नवरा-बायकोतील मालमत्तेचा वाद इथे नेता येतो. हे न्यायालय जिथे नाही, तिथे दिवाणी न्यायालय. कलम ३ खालचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करता येतो व तो एका महिन्यात निकाली काढावा, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने अशा वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली.

कौटुंबिक न्यायालयाला आधी तडजोडीचा प्रयत्न करावा लागतो, त्यासाठी समुपदेशक असतात. पुराव्याचे नियमही इथे सैल आहेत. घरची वही, चिठ्ठी, लग्नातला फोटोसुद्धा कामी येतो. निकाल मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

जमातीच्या पंचांनी केलेल्या तडजोडीला समाजात मान आहे. पण एकाने शब्द फिरवला तर पंचांकडे वसुलीचा अधिकार नाही. तीच तडजोड कोर्टापुढे मांडून हुकूमनामा घेतला की त्याची अंमलबजावणी करता येते. मात्र घर, गाळा, जमीन यांचे वर्णन मूळ दाव्यातच द्यावे. दाव्यात नसलेली स्थावर मिळकत तडजोडीत घातली तर वेगळी नोंदणी करावी लागते.

खुला घेताना स्त्री बहुधा मेहर सोडते. तेव्हा काय सोडले आणि काय सोडले नाही, हे स्पष्ट लिहावे. मेहर सोडली म्हणजे माहेरचे दागिने सोडले असे होत नाही.

निकाहनाम्याची नक्कल, दागिन्यांच्या पावत्या, सामानाची दोघांच्या सहीची यादी आणि वहीत बायकोच्या नावाचे खाते, हे चार कागद प्रत्येक घरात असावेत. देवाणघेवाण लिहून ठेवावी ही शिकवण आपल्याला नवी नाही. बाजारात आपण ती पाळतो, घरातही पाळावी.