भूकंपाचा नकाशा काय सांगतो?

ढग दाटून आले की पाऊस येणार, हे आपण ओळखतो. समुद्रात वादळ उठलं तर त्याची खबर आधी मिळते. भूकंपाचं तसं नाही. तो अमुक दिवशी, अमुक वाजता येईल, हे आजही कोणाला सांगता येत नाही. कोणी तसं सांगितलं तर ती अफवा समजावी.

मग शास्त्रज्ञांच्या हाती काहीच नाही का? आहे. कोणत्या भागात जमीन किती जोराने हलू शकेल, याचा अंदाज त्यांना बांधता येतो. तो अंदाज ते नकाशावर मांडतात. १९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर १९३५ साली आपल्या देशाचा असा पहिला नकाशा तयार झाला.

हा नकाशा कसा करतात ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे जुन्या नोंदी. मागे भूकंप कुठे झाले, किती मोठे झाले, किती घरं पडली, हे त्यांतून कळतं. दुसरी गोष्ट, जमिनीच्या पोटातल्या भेगा. तिथे खडक एकमेकांना रेटत असतात. ताण वाढत जातो आणि एके दिवशी खडक एकदम सरकतात. तोच भूकंप. हिमालयाकडे हा रेटा फार मोठा, म्हणून तिकडे धोकाही मोठा. तिसरी गोष्ट, यंत्रांच्या नोंदी. आपल्याला जाणवत नाहीत असे बारीक हादरेही यंत्रं टिपून ठेवतात.

शिवाय जमीनही पाहावी लागते. एका ताटात दगड ठेवा, दुसऱ्यात दह्याची कवडी. दोन्ही ताटांना सारखाच धक्का द्या. दही जास्त वेळ थरथरतं. तसंच, पक्क्या खडकापेक्षा नदीकाठच्या भुसभुशीत गाळात घर जास्त हलतं.

२००२ सालच्या नकाशात देशाचे चार विभाग केले. त्यांचे नंबर २ ते ५. दोन नंबरात धोका सर्वांत कमी, पाचात सर्वांत जास्त. त्यात नागपूर दोनात, मुंबई-पुणे तिनात आणि कोयनेचा भाग चारात दाखवला होता. तुम्ही विचाराल, एक नंबर गेला कुठे? त्याचं उत्तर दुःखाचं आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. लोक झोपेत होते. सुमारे ८ ते १० हजार माणसं दगावली. त्या वेळच्या नकाशात किल्लारी एक नंबरात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती! पुढे तो विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिनात घातला. कोयनेचंही असंच झालं होतं. ११ डिसेंबर १९६७ रोजी तिथे भूकंप झाला, आणि १९७० साली नकाशा बदलावा लागला.

म्हणजे नकाशा खोटा का? नाही. जेवढी माहिती हाती, तेवढाच नकाशा खरा. नवी माहिती आली की तो सुधारावा लागतो. म्हणून ‘आमचं गाव कमी धोक्याचं’ असं म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

किल्लारीत माणसं मेली ती जमीन हलल्यामुळे नव्हे, घरं अंगावर पडल्यामुळे. भिंती दगडामातीच्या, दोन-तीन फूट जाड. वर मातीचं जड माळवद. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत बांधलेले नव्हते. धक्क्यासरशी भिंती फाकल्या आणि ओझं खाली आलं.

धरण, पूल, शाळा, दवाखाना बांधताना इंजिनियर लोक हा नकाशा पाहून मजबुती ठरवतात. आपणही घर बांधण्याआधी चौकशी करावी, की आपलं गाव कोणत्या विभागात येतं. मग गवंड्याला तीन गोष्टी सांगाव्या. दगडी भिंतीत मधून मधून आरपार जाणारे लांब दगड घाल. दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना एकसंध बांधणारा, सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा घाल. आणि छप्पर हलकं ठेव. याला थोडा खर्च जास्त येतो. पण पहाटेच्या झोपेत भूकंप आला, तर आपली पोरंबाळं वाचण्याची आशा याच गोष्टींवर असते.