डिक्की का खडखडते?

सेडान गाडीच्या डिक्कीत मोठा सबवूफर बसवला, की थोड्याच दिवसांत मालक पुन्हा दुकानात येतो. बास दणदणीत लागतो, पण प्रत्येक ठोक्याला मागचा पत्रा वाजतो. धुमाल वाद्यपथकांच्या आणि डीजेच्या दणक्याची सवय असलेल्या रायपूरमध्ये हा आवाज अनेकांच्या ओळखीचा असेल. त्यामागचं विज्ञान साधं आहे आणि उपायही आवाक्यातला.

४० हर्ट्झच्या बासची तरंगलांबी साडेआठ मीटर भरते, म्हणजे अख्ख्या गाडीच्या जवळपास दुप्पट. एवढी लांब लाट गाडीत मावतच नाही. त्यामुळे आतल्या हवेचा दाब सगळीकडे एकदम चढतो आणि एकदम उतरतो. १२० डेसिबलला हा चढउतार २० पास्कलचा असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण एक चौरस मीटरच्या झाकणावर तो दोन किलो वजनाइतका जोर लावतो, आणि तोही सेकंदाला चाळीस वेळा बाहेर, चाळीस वेळा आत. १३० डेसिबलला हाच जोर सहा किलोंच्या वर जातो. झाकणाचा पत्रा मात्र मिलिमीटरभरही जाड नसतो. त्याची स्वतःची कंपनसंख्या बासच्या पट्ट्यात आली, तर अनुनाद होऊन तो आणखी हलतो.

हलणारा पत्रा नुसता घुमतो. खडखडाट होतो तो दोन सैल भाग एकमेकांवर आपटल्यामुळे. म्हणून पत्र्यावर काहीही चिकटवण्याआधी आपटणारी जागा शोधायला हवी. मोबाइलवरून २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर मध्यम आवाजात वाजवावा आणि दुसऱ्या माणसाने एकेका भागावर हात दाबून पाहावा. ज्या भागावर हात ठेवताच आवाज थांबेल, तिथेच दोष. पहिला संशय नंबर प्लेटवर घ्यावा. त्यानंतर डिक्कीचं लॉक, मागच्या काचेखालचा ट्रे, वायरी, जॅक आणि पाने.

नंबर प्लेट हाय सिक्युरिटी असेल, तर तिचे लॉक तोडू नयेत. कडेच्या फटीत फोमची पातळ पट्टी सरकवली की पुरतं. डिक्की घट्ट बसत नसेल, तर झाकणाखालचे रबरी टेकू अर्धा-एक आटा वर काढावेत. वायरींना कापडी टेप गुंडाळावा.

एवढं झालं की पत्र्याकडे वळावं. वर ॲल्युमिनियम आणि खाली ब्युटिल रबर असलेली डॅम्पिंग शीट कंपनांची ऊर्जा उष्णतेत बदलते. ती सगळीकडे लावण्याची गरज नसते. सपाट, मोकळ्या पत्र्याचा पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी चांगला फरक पडतो. छतावर घालायची डांबरी शीट स्वस्त मिळते, पण मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबर मऊ पडून घसरतं, वास सुटतो. नुसत्या स्पंजवरही पैसे घालवू नयेत. ४० हर्ट्झचा आवाज नीट शोषायला त्याचा थर सुमारे दोन मीटर जाड हवा!

खडखडाट थांबला, तरी बास गाडीबाहेर जातच राहतो. मार्च २०२५ च्या अखेरीस बिलासपूर जिल्ह्यातल्या मल्हार गावी हिंदू नववर्षाच्या शोभायात्रेत एका घराचा छज्जा कोसळला. एक लहान मुलगा दगावला, अनेकजण जखमी झाले. डीजेच्या कंपनांनी छज्जा पडल्याच्या बातम्या आल्या आणि छत्तीसगड उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. घटना भयंकर आहे. डिक्कीच्या झाकणावर पडणारा दाब आणि घराच्या कमकुवत भागावर पडणारा दाब एकाच जातीचा असतो.

मोजणीतली एक त्रुटी इथे गंभीर ठरते. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण ती ‘ए’ मापावर. हे माप माणसाच्या कानाप्रमाणे खालचे स्वर कमी धरतं. ४० हर्ट्झला तब्बल ३५ डेसिबल वजा करतं. म्हणजे खिडक्या थरथरवणारा ९० डेसिबलचा बास मीटरवर ५५ दिसतो आणि दिवसाच्या मर्यादेत बसतो. ‘सी’ मापावर हीच वजावट अवघी दोन डेसिबल असते. अनेक ध्वनिमापकांत दोन्ही मापांची सोय असते. डीजेच्या गाड्या तपासताना ‘सी’ची नोंदही सक्तीने घ्यायला हवी.