परभणीत हीट पंप हवा का?

हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी: बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून तो इलेक्ट्रिक गाडीत आणतो. विजेचा साधा हीटर १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतो. बेताच्या थंडीत हीट पंप २ ते ३ युनिट देतो.

परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा ५ अंशांखालीही उतरला आहे. पण ही थंडी पहाटेची. दहा वाजता ऊन चढले की हीटर बंदच करावा लागतो.

समजा, जानेवारीत भल्या पहाटे नांदेडला निघालात. अंतर सुमारे ७५ किलोमीटर, वेळ दीड तास. हीटरने सरासरी १.५ किलोवॉट ओढले, तर सव्वादोन युनिट जातील. अडीच पट कार्यक्षमता धरली तर हीट पंपला ०.९ युनिट पुरेल. वाचले १.३५ युनिट. १० रुपये दराने साडेतेरा रुपये, किंवा नऊ-दहा किलोमीटर जास्तीचा पल्ला. अशा ५० फेऱ्या धरल्या, तरी वर्षाची बचत सातशे रुपयांच्या आत.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा ४२च्या पुढे गेला की गाडी गार करायला हीट पंपाचा साध्या एसीपेक्षा वेगळा फायदा नाही.

लेहला राहत असाल तर हीट पंप जरूर घ्या. परभणीकरांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा उन्हाळ्याचा विचार करून बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का, हे आधी विचारा. आणि उन्हाळ्यात चार्जरला जोडलेली असतानाच गाडी गार करून निघा.