जुने आऊटबोर्ड इंजिन पारखून घ्यावे

नारळी पौर्णिमेनंतर जुन्या होडीस वापरलेले आऊटबोर्ड इंजिन बसविण्याचा विचार अनेक मच्छीमार बांधव करतात. भर समुद्रात इंजिन बंद पडल्यास जिवावर बेतते. म्हणून केवळ ताज्या रंगावर भुलून व्यवहार करू नये.

प्रथम होडीची मागील फळी तपासावी. ती कुजलेली असल्यास उत्तम इंजिनही निरुपयोगी होय. फळीची उंची मोजून १५ किंवा २० इंची दांड्याचे इंजिन निवडावे. दांडा आखूड पडल्यास लाटेवर पंखा हवेत फिरतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. आधी तापविलेले इंजिन दोष लपविते. सिलिंडरांच्या दाबांत १० टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार अखंड पडावी. पाण्याबाहेर इंजिन कोरडे चालवू नये. पंपाचे रबरी चक्र थोड्याच वेळात खराब होते. शेवटी जाळ्यांच्या भारासह ते खाडीत अर्धा तास चालवून पाहावे.

सुटे भाग जवळच्या बंदरात मिळत नसतील, तर स्वस्त इंजिनही महागच पडते. इंजिन कितीही खात्रीचे असले, तरी वल्ही होडीतच असू द्यावीत.